गहू लिही, म्हणाला होतास

दादा, तुझ्या दशक्रियेला तात्या बराच वेळ बोलले आणि त्यात बिअर हा शब्द एकदाही आला नाही.

नदीकाठच्या घाटावर मंडप घातला होता, लाऊडस्पीकर होता, आसपासच्या गावांतली माणसं आली होती. आपल्याकडे दहाव्याला भाषणं व्हायचीच. तात्या थोरले चुलते, तेव्हा घरातर्फे बोलायचा मान त्यांचा. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "संतोष लई प्रयोगशील व्हता. शेतमालावर प्रक्रिया करायचं त्याच्या डोक्यात व्हतं. आन् आईच्या सेवेसाठी कंपनीतली चांगली नोकरी सोडून पोरगं गावाला आलं." माणसांनी माना हलवल्या. मी बायकांमध्ये आईचा हात धरून बसले होते. माझी मान हलली की नाही आठवत नाही. हलली असेल.

माझ्या मागे बसलेली कोणी बाई शेजारणीला म्हणाली, "दारू करायचा म्हणत्यात घरात. मग काय व्हनार." मी वळून म्हटलं, "हार्टअटॅक होता मावशी. आणि दारू नव्हे, द्राक्षाचा रस करायचा तो." आयुष्यात तू द्राक्षाला हात लावला नव्हतास. मग मी द्राक्ष का म्हणाले? पटकन तेच तोंडात आलं. तुझ्याबद्दल काही सांगायची वेळ आली की आमच्या तोंडात पटकन काहीतरी येतं, आणि ते खऱ्यापेक्षा बरं असतं.

तात्यांनी सांगितलेलं नोकरीचं ते वाक्य मूळ माझं आहे, हे तुला माहीत होतं. मंडपात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

चाकणच्या कंपनीत तू इन्स्पेक्टर होतास. तयार झालेले भाग मोजायचे, मापात नसतील ते बाजूला काढायचे. सुट्टीला घरी यायचास तेव्हा तुझ्या खिशात जाडी मोजायचा स्टीलचा व्हर्नियर असायचा. मी तेव्हा बारावीला. तू मला शेंगदाणे मोजायला बसवायचास. "हा किती? नीट बघ. डोळ्यानं सांगू नको, मोजून सांग." एका दुपारी आपण दोघांनी पन्नास शेंगदाणे मोजून वहीत लिहिले आणि आई ओरडली की चटणीला ठेवलेले दाणे पोरांनी मातीत घातले. मी पुढे जीवशास्त्र घेतलं, एमएस्सी केली, आज जुन्नरला ज्युनिअर कॉलेजात पोरांना मायक्रोस्कोप दाखवते. त्याची सुरुवात त्या दाण्यांपासून झाली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं राहिलेल्यातलं हे सगळ्यात सोपं आहे, म्हणून आधी सांगते.

मग एका पाळीला तू दमला होतास आणि एक अख्खी पेटी न मोजता सही करून पुढे पाठवलीस. ती परत आली आणि तुझी नोकरी गेली. तू घरी येऊन ओट्यावर बसून सरळ सांगितलंस, "मी न मोजता सही केली. चूक माझी व्हती." आईने डोळ्याला पदर लावला. वडील तेव्हा होते, ते म्हणाले, "हे भाईर बोलू नका." आणि मग आम्ही बाहेर जे बोलायला लागलो ते मी ठरवलेलं होतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून तो परत आला. आईचे गुडघे खरंच दुखत होते. त्यामुळे ते पूर्ण खोटंही वाटत नव्हतं.

शिरूरकडच्या त्या मुलीशी तुझं जमलं, तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीला चहा देता देता हेच सांगणारी मी होते. साखरपुडा झाला. महिन्याभराने त्यांचा निरोप आला. मुलीचे मामा चाकणलाच होते, त्यांना सगळं कळलं होतं. निरोप घेऊन आलेला माणूस भला होता. तो म्हणाला, "नोकरी गेली त्याचं काय न्हाई हो, कुनाची जात न्हाई? पन तुमी फिरवून सांगितलं." तू त्या माणसाला एसटीपर्यंत सोडायला गेलास. परत आल्यावर मला एवढंच म्हणालास, "मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

त्यानंतर तू लग्नाला उभा राहिला नाहीस. घरात कुणी विषय काढला की उठून गाळ्यावर जायचास. स्टँडजवळचा तो गाळा, पुढे मोटार वाइंडिंगचं काम आणि मागच्या खोलीत, तीन वर्षांपासून, तुझी बिअर.

कंपनीतला जुना सोबती पुण्याला राहायला गेला होता, त्याने तुला हा नाद लावला. आपल्या घरात कुणी पीत नव्हतं आणि तूही पिणारा नव्हतास. एक पेला, तोही अर्धा, बाकी नुसत्या वहीतल्या नोंदी. मी पहिल्यांदा मागची खोली पाहिली तेव्हा वाटलं आपण आपल्याच कॉलेजच्या लॅबमध्ये आलो. तापमापक, तराजू, स्टीलचं मोठं पातेलं, भिंतीला अडकवलेली वही. गहू आपल्या शेतातला. तो भिजवून गोणपाटावर मोड आणायचास, गच्चीवर वाळवायचास. जवाचे वाळवलेले मोड, हॉप्सची कडू फुलं आणि यीस्ट पुण्याहून यायचं. घरी बिअर करणं कायद्यात बसतं का, हे मी प्रत्येक वेळी विचारायचे, आणि तू म्हणायचास, "इकत न्हाई कुनाला. गप बस." मला ते उत्तर कधी पटलं नाही. मास्तरणीचा भाऊ म्हणून तुझं नाव पेपरात येईल, अशी भीती माझ्या मनात असायची. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते तेव्हा मी पाहिलं नाही.

आईला तर त्या खोलीचा वाससुद्धा नको होता. ती त्या बाजूला फिरकायची नाही. पण गव्हाला मोड आले की गोणपाटावर पाणी शिंपडायचं काम तीच करायची, तू गाळ्यावर असलास की. "गव्हाचा काय दोष," म्हणायची.

ह्या दिवाळीनंतर तू स्पर्धेचं काढलंस. पुण्यात हौशी लोकांची स्पर्धा होती, घरी केलेल्या बिअरची. फॉर्म इंग्रजीत आणि मोबाईलवर भरायचा. तू मला फोन केलास. "मने, तेवढं भरून दे. आन् येताना एक बाटली आनतो, चाखून बघ. जरा गडबड झालीय."

आपण नारायणगावच्या स्टँडवर भेटलो, दोघांना मध्यावर पडतं म्हणून. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअप उभ्या होत्या, आपण समोरच्या हॉटेलात आतल्या बाकावर बसलो. बाटली तू पिशवीतून काढली नाहीस, माझ्या स्टीलच्या डब्यात थोडी ओतून दिलीस आणि वर झाकण लावलंस. घरी जाऊन मी चाखली. आंबट होती. दह्याच्या निवळीसारखी स्वच्छ आंबट, आणि मागून गव्हाची गोडी. मला ती आवडली, दादा. तुझ्या आधीच्या सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये काचपट्टीवर थेंब पसरून, रंग देऊन पाहिला. यीस्टच्या गोल पेशींमध्ये जांभळ्या काड्या. दही लावतात त्या जंतूंचेच भाऊबंद.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर भेटलो. मी मोबाईल उघडला. फॉर्मवर गटांची यादी होती. लागर, गव्हाची बिअर, काळी बिअर, फळांची, आंबट बिअर, प्रायोगिक. मी म्हटलं, "ही आंबट गटात टाकायची. हा मुद्दाम आंबट करतात असा प्रकारच आहे. लोक महिनोन्महिने खपतात त्यासाठी. तुझी आपोआप झाली."

तू म्हणालास, "मी गव्हाची करायला गेलो व्हतो."

"पण झाली आंबट."

"मंजी बिघडली."

"बिघडली नाही रे, वेगळी झाली."

तू चहाचा कप बशीत ठेवलास. "मने, वर्गात गणितात नापास झालेलं पोरगं तू चित्रकलेत पास म्हणून लिवतीस का?"

"चित्र चांगलं काढलं असेल तर लिहीन."

"चित्र काढायला बसलं व्हतं का ते?"

मी हसले. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "हे बघ. भांडं धुतलं, पानी तेच, गहू तोच. मग आंबट कुठनं आलं? ते मला कळत न्हाई. तिथं बसनारी मानसं जाणकार हायेत. त्यांना गव्हाची म्हनून देतो, ते सांगतील कुठं चुकलं. आंबट म्हनून दिली तर ते म्हनतील वा छान. मग मला काय कळलं?"

"बक्षीस मिळेल."

"मला नको ते."

"नको कसं? एकदा तरी लोकांना सांगता येईल की..."

मी तिथे थांबले. पण तू ऐकलं होतंस. "काय सांगता यील?" तू विचारलंस. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. आपल्या शेजारच्या बाकावर एक ड्रायव्हर भजी खात होता, तो आपल्याकडे बघायला लागला होता.

उठताना तू म्हणालास, "गहू लिही."

मी म्हटलं, "बरं."

जुन्नरच्या एसटीत खिडकीला बसून मी फॉर्म भरला. तुझं नाव, गाव, साहित्य, गव्हाचं प्रमाण. गटाच्या जागी आंबट बिअर निवडलं. अगदी शांतपणे निवडलं. मला वाटलं, बक्षीस आलं की दादा दोन दिवस रागावेल, मग विसरेल. तात्यांना सांगता येईल. कॉलेजात सांगता येईल. पुण्यात पहिला आला, असं आईला सांगितलं तर ती खोलीत पाऊल तरी टाकेल. हे सगळं मी तुझ्या भल्यासाठी करत होते, याबद्दल मला शंका नव्हती.

ईमेलने बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्या आल्या. त्यावर नाव नव्हतं, फक्त अक्षर आणि आकडे. मी कॉलेजात छापून घेतल्या आणि तू न्यायला जुन्नरला आलास. तू चिठ्ठी उजेडात धरून पाहिलीस. "ह्यात गट कुठंय?"

"नंबर आहे नुसता. त्यांना कळतं त्यावरून."

तू चिठ्ठ्या पाकिटात घालून वरच्या खिशात ठेवल्यास. माझ्या दारात उभा राहूनच पाणी प्यालास. मोटारसायकलला किक मारताना म्हणालास, "आईला पंधरा दिवसांत फोन न्हाई तुझा." मी म्हटलं, आज करते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बाटल्या पुण्यात पोचवायच्या होत्या. दुपारी तुझा फोन आला. मागे खूप माणसांचा आवाज होता.

"मने, गट कोणता भरलास?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला, त्यातच तुला कळलं असणार. तरी मी म्हटलं, "आंबट. दादा, ऐक ना, तू एकदा..."

"बरं," म्हणालास आणि फोन ठेवलास.

मी नंतर दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. आईला केला तर ती म्हणाली, "आलाय पुन्याहून. जेवला. झोपलाय." मी म्हटलं, काही बोलला का? "न्हाई. का गं?" मी म्हटलं, सहज.

आठ दिवसांनी मंचरला तात्यांच्या नातीचा साखरपुडा होता. मीही गेले. तू पंगतीत वाढत होतास, हातात बुंदीचं ताट. माझ्यापर्यंत आलास आणि नेहमीसारखं म्हणालास, "घे अजून. वाळलीस किती." मला इतकं हलकं वाटलं, दादा. मी मनात म्हटलं, झालं, गेला राग. मग हात धुताना तू शेजारी उभा होतास. मी तेव्हा बोलायला हवं होतं. आजूबाजूला फार कुणी नव्हतं, नळाचं पाणी जात होतं, तूही रेंगाळलास. मला अजून दिसतं, रुमालाला हात पुसून झाले होते तरी तू पुसत होतास. मी म्हटलं, "आईचे गुडघे कसे आहेत?" तू म्हणालास, "तसंच." आणि मग, "त्यांचा कागद आला की कळव."

"हो."

एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

तीन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला तू गाळ्यात मोटारीला तार भरत होतास. शेजारचा टायरवाला सोपान मला सांगत होता, "ताई, दादा म्हनले, सोपान, जरा पानी दे. मी तांब्या घेऊन आलो तर खाली बसलेले. लई घाम. म्हनले, आईला सांगू नको. गाडीत घातलं आमी लगीच." मंचरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चव्वेचाळीस वर्षांचा होतास. सोपान अजून मला भेटला की म्हणतो, पाच मिनिटं आधी कळलं असतं तर. मी त्याला म्हणते, तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं. हे मात्र खरं सांगते.

तुझ्यावर मी रागावलेही आहे, हे लिहिते. बरं म्हणून फोन ठेवायची तुझी ही पद्धत. भांडला असतास तर? स्टँडवर भांडलास तसा, चारचौघांत, मास्तरीण म्हणून चिडवत. मला उलटं बोलता आलं असतं. तू आयुष्यभर सगळ्यांना बरं म्हणालास. वडिलांना, तात्यांना, मला. आम्ही तुझं जे काही सांगत सुटलो, ते तू मागे उभा राहून ऐकत राहिलास. तुझ्या गप्प बसण्याला आम्ही संमती समजलो. ते आम्हाला सोयीचं होतं.

काल कॉलेजात मधल्या सुट्टीत ईमेल आला. मी तिथे, शिक्षकांच्या खोलीत उघडला नाही. लॅबमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि उघडला.

वर गट लिहिला होता. गव्हाची बिअर.

मी पुन्हा पाहिलं. नंबर तोच, नाव तुझं. खाली बारीक अक्षरात नोंद होती की बाटल्या जमा करताना स्पर्धकाने स्वतः गट बदलून घेतला. म्हणजे फोन ठेवून तू बाटल्या जमा करायच्या टेबलाकडे परत गेलास. तुला इंग्रजी बोलायचा संकोच, तिथली ती शहरातली पोरं, रांग. तरी तू त्यांना थांबवून सांगितलंस की हे चुकीचं भरलंय. आणि साखरपुड्यात बुंदी वाढताना तुझ्या मनावर काही नव्हतं, कारण तुझं काम तू केलेलं होतं. मीच एकटी इतके दिवस गुन्हा घेऊन फिरत होते. ते कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

मार्क पन्नासपैकी एकवीस.

खाली परीक्षकाने लिहिलेलं मी तीन वेळा वाचलं. मग सुट्टी टाकली आणि गावाला, निरगुडसरला निघाले. घरी न जाता आधी गाळ्यावर गेले. किल्ली सोपानकडे होती. मागच्या खोलीत बिअर आंबवायचा तुझा ड्रम तू उपडा घालून ठेवला होतास, धुऊन, कोरडा. ह्या वेळी नवीन घेतलेला, खाली तोटी असलेला. आधीच्या ड्रमला तोटी नव्हती, भांडं तेच आहे का, हे मी त्या दिवशी स्टँडवर विचारायला हवं होतं. मी सोपानकडून पाना आणला आणि तोटी खोलली. बाहेरून चकचकीत होती. आत, रबराच्या वायसरच्या मागे, बुळबुळीत पांढरट थर होता. बोटाला लागला. वास घेतला तर तोच, आंबट.

दादा, तुझी चूक एवढीशी होती, वायसरएवढी. पण माझी चूक मला त्या खोलीत उभी असताना दिसली. तू मला स्टँडवर विचारलं होतंस की आंबट कुठनं आलं. मी जंतू पाहिलेले होते. त्यांचं नाव मला माहीत होतं, ते कुठे लपतात तेही माझ्या विषयातलं होतं, पोरांना शिकवते मी ते. दोन प्रश्न विचारले असते तर तिथेच सापडलं असतं. पण मी शोधलंच नाही. मी त्याला चांगलं नाव शोधत बसले. तू बहिणीकडे उत्तर मागायला आला होतास आणि ते मिळालं नाही म्हणून परक्या माणसांकडे घेऊन गेलास.

मी तिथे मोटारींच्या तारांमध्ये खूप वेळ रडले. सोपान बाहेर गिऱ्हाइकांना सांगत होता, जरा थांबा, ताई आत हायेत.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर वाल सोलत होती. मला कामाच्या दिवशी आलेली पाहून घाबरली. मी म्हटलं, काही नाही, दादाच्या स्पर्धेचा निकाल आला.

"कसली स्पर्धा?"

तिला स्पर्धेचंही आपण सांगितलं नव्हतं. तू का सांगितलं नाहीस ते मला माहीत नाही, मी का सांगितलं नाही ते माहीत आहे. बक्षीस आल्यावर सांगणार होते. मग मी बसले आणि सगळं सांगितलं. बिअर बिअर म्हणूनच सांगितली. स्टँडवरचं भांडण, एसटीत मी काय भरलं, तू पुण्यात काय केलंस. सांगताना दोनदा जिभेवर काहीतरी बरं आलं होतं, ते गिळलं. आईचे हात थांबले होते. तिने हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "पयला आला का?"

"नाही. पन्नासपैकी एकवीस."

"मंजी नापास."

"हो."

तिने वालाचं सूप बाजूला सरकवलं. "वाच काय लिवलंय."

मी वाचायला लागले, इंग्रजीचं मराठी करत करत. रंग चांगला, फेस बराच वेळ टिकतो. गव्हाच्या बिअरला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास यायला हवा, तो आंबटपणाखाली दबला आहे. हा आंबटपणा ह्या गटात बसत नाही. आंबट गटात असती तर आम्ही वेगळा विचार केला असता. पण तुम्ही गव्हाची म्हणून दिली आहे आणि गव्हाची म्हणून ती चुकलेली आहे. बहुधा भांड्यातून जंतू गेले आहेत, तोट्या आणि नळ्या खोलून धुवा. मोड चांगले आणले आहेत. करणाऱ्याचा हात चांगला आहे. पुन्हा करा आणि पुन्हा घेऊन या.

आईने मान वळवून पाहिलं. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर गोणपाटं तशीच पडली होती.

"मोडाचं लिवलंय त्यांनी?" तिने विचारलं.

"हो."

"आन् हात चांगलाय म्हनून?"

"हो. आणि चुकलंय म्हणूनही."

"ते ऐकलं मी." तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "एवढं सरळ त्याच्याशी आपल्यातलं कुनीच बोललं न्हाई, मने. त्याच्या बापानं न्हाई, मी न्हाई. त्यो मानूस कोन हाय?"

"माहीत नाही आई. नाव नाही लिहिलं."

"असूंदे."

रस्त्यावरून ऊस घेऊन ट्रॅक्टर गेला. संध्याकाळी तात्या येणार होते, महिन्याच्या विधीचं ठरवायला. त्यांना काय सांगायचं हे मी मनात जुळवायला लागले होते, सवयीने.

आई म्हणाली, "तात्या आलं की त्यांच्यासमूर वाच. आन् आता मला परत वाच. सावकाश."

मी कागद गुडघ्यावर सरळ केला आणि वरून सुरुवात केली. तुझं नाव वाचलं, गाव वाचलं, गट वाचला. मग मार्क वाचले.